मंगळवारचा पाव

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा वीट! लांब्यानं एक घास तोडला, या गालातून त्या गालात फिरवला आणि म्हणाला, "काका, याला सिमेंट लावून भिंत घाला." दाणेबाई हसल्या नाहीत. तोंडात घास असला की त्या हसत नाहीत, डोळे मिटून चावतात, मग वहीत टिपून घेतात.

सरकारचं हे अनुदान एकट्याला मिळतच नाही. जमिनीचा कस न घालवता पिकवायचं आणि पिकलेलं लोकांच्या गळी उतरवायचं — पण एक संशोधक, एक पिकवणारा, एक खाण्याचं करणारा, असे तिघं जमले तरच. दाणेबाई धान्याच्या शास्त्रज्ञ. लांब्या शेतकरी; त्यानं खत विकत न घेता, कडधान्य आणि जव आलटून पालटून घेतलेत. त्या जवाचा पाव करायचा मी, माझ्या या पावाच्या दुकानात. जव फुगायला तयार नाही. हट्टी! पण सरकारला एकटा माणूस चालत नाही हे मात्र मला पटलं.

जाताना बाईंनी पुढच्या मंगळवारसाठी पिठाची सहा नंबरची पिशवी दिली. आत जव किती, गहू किती, ते मला सांगायचं नाही. मनात काही धरून भाजू नये म्हणून. बरं बाई!

लांब्या गेला तरी बाई कप विसळत राहिल्या. धुतलेलेच कप.

५ फेब्रुवारी

ताईचा फोन. "जेवलास का रे?" हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

८ फेब्रुवारी, रविवार

फुगला! फुगला!! कुणाला सांगू?

झालं असं. काल संध्याकाळी चहाचं पाणी ठेवलं — दोन कपांचं. ही गेल्यापासून अजून हात सुधारत नाही. उरलेलं उकळतं पाणी ओतून द्यायचं तर शेजारी पातेल्याला पाच नंबरचं पीठ चिकटलेलं. म्हटलं तेवढंच सुटेल, आणि ओतलं. सुटतंय कसलं! खळ झाली, घट्ट. झाकून ठेवून दिली. सकाळी टाकवेना, म्हणून उरलेल्या पिठात घालून मळलं. मळतानाच कळलं, आज गोळा हाताशी बोलतोय. भट्टीतून काढला तर साच्याच्या वर डोकं! कापला. आत मऊ, चवीला किंचित गोड.

"अगं बघ!" असं मोठ्यानं म्हणालो. रिकाम्या खोलीत. मग अर्धा पाव उभ्याउभ्याच खाल्ला. खाताना डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली, पण आलं.

मंगळवारी दोघांच्या तोंडाचा आ बघायचाय.

९ फेब्रुवारी

सकाळी दाणेबाईंचा फोन. आवाज कामाचा. सरकारचं पत्र आलंय — या महिनाअखेर जवाचा पाव जमला असं दाखवलं तर पुढच्या टप्प्याचं अनुदान. नाही जमला तर सगळं बंद. "आणि पुढच्या टप्प्यात पावाचं काम मोठ्या कारखान्याकडे जाईल. त्यांना हजारांनी पाव हवेत. तुमचं काम तिथं संपेल."

"वा, छान," म्हणालो. 

फोन ठेवला आणि फडक्याखालचा पाव बघत बसलो. म्हणजे पाव जमला की मंगळवार गेला. मी माझ्याच हातानं मळून, भाजून घालवला!

१० फेब्रुवारी, मंगळवार

केलं खरं. वीट केली, मुद्दाम.

पाच नंबरचं पीठ थोडं उरलं होतं, ते जुन्याच पद्धतीनं मळलं. सहा नंबरची पिशवी सोडलीसुद्धा नाही, सरकवली टेबलाखाली. खोटाच पाव करायचा तर चांगल्या पिठाची नासाडी कशाला? (चोराला म्हणे पिठाची काळजी!)

लांब्या म्हणाला, "काका, प्रगती आहे. मागची वीट होती, ही फरशी." बाईंनी डोळे मिटून चावलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग विचारलं, "हा सहा नंबरचाच ना?"

"होय होय. दुसरा कुठला?"

माझ्याकडे बघत राहिल्या.  मग म्हणाल्या, "ठीक. अजून एक फेरी बघू." आणि सात नंबरची पिशवी ठेवली.

सुटलो! एक मंगळवार मिळाला. रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो. परत येऊन दुकानाचं दार लावताना पाहिलं, तर बाईंची गाडी तिथंच उभी. आत दिवा लावून डब्यातलं काहीतरी खात होत्या, एकट्याच. हाक मारावी असं वाटलं. मारली नाही.

१३ फेब्रुवारी

सात नंबरच्या थोड्या पिठात खळ घालून पुन्हा केला. पुन्हा फुगला. मेला आता काही केल्या बिघडत नाही. अख्खा पाव मीच संपवतोय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज सात नंबरची वीट. लांब्यानं विनोद केला नाही. 

तुकडा हातात फिरवत बसला. म्हणाला, "दादा म्हणतो, उभ्या जवावर नांगर घाल आणि मोकळा हो. जव कुणी खात नाही तर पेरायचा कशाला? अनुदान आहे तोवर गप्प आहे तो. संपलं की पुन्हा तेच पीक, तीच खताची पोती." मग म्हणाला, "गेल्या आठवड्यात खणलं ना काका, तर गांडुळं होती. लहान असताना पाहिली होती, त्यानंतर आत्ता. लेकीला दाखवली. ती किंचाळली!" हसला, आणि तुकडा टेबलावर ठेवून दिला.

मी उठून भट्टी पुसायला लागलो. गार भट्टी.

दाणेबाई इतकंच म्हणाल्या, "एक फेरी उरलीय. शेवटची." आठ नंबर ठेवून गेल्या. आज कप विसळले नाहीत.

१८ फेब्रुवारी

झोप नाही. माझ्या टेबलाशी दोन माणसं बसावीत म्हणून लांब्याचं शेत नांगराखाली घालू? इतका कसा रे तू हावरट! माणसांची हाव सुटलीय तुला.

२० फेब्रुवारी

ताईला सगळं सांगितलं. वाटलं ओरडेल. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे वेड्या, त्यांना नुसतं या म्हटलं असतंस तर?"

नुसतं या! कारणाशिवाय माणसाला बोलवायचं कसं, ते ही गेल्यापासून मी विसरूनच गेलोय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ठेवला टेबलावर. आठ नंबरचा. साच्याच्या वर डोकं काढलेला.

लांब्या उभाच राहिला. पाव कापला, तो दाबला, सोडला — पुन्हा वर आला. "काका!!" एवढंच. तीन काप गरमागरम खाल्ले, चौथा लेकीसाठी आणि उरलेला अख्खा दादाच्या तोंडावर मारायला घेतला. मला उचललं की हो त्यानं! या वयात!

"कसं सुचलं?" बाईंनी विचारलं. उकळत्या पाण्याचं सांगितलं. कधी सुचलं ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. 

घास संपल्यावर बाई म्हणाल्या, "उत्तम झालाय." आणि उठल्या. "झालं तर मग. अहवाल उद्याच पाठवते."

झालं तर मग.

टेबल पुसलं. तीन खुर्च्यांपैकी दोन भिंतीला लावून ठेवल्या.

२८ फेब्रुवारी

अनुदान मिळणार असं दिसतंय, लांब्याचा फोन. दादा जव पेरायला तयार झाला. मनापासून आनंद झाला. फोन ठेवल्यावर दुकानात फार शांत वाटलं.

३ मार्च, मंगळवार

संध्याकाळी दाणेबाई दारात. हातात ना पिशवी, ना कागद.

"टेबलाखालची सहा नंबरची पिशवी न्यायला आले."

 बाईंनी वाकून स्वतःच ओढून काढली. गाठ जशीच्या तशी. "मध्येच एखादी साध्या गव्हाची पिशवी घालायची आणि भाजणाऱ्याला सांगायचं नाही, अशी आमची पद्धत आहे. नुसता गहू होता यात. रोज भाजता तोच. त्याचा पाव म्हणून तुम्ही फरशी पुढं ठेवलीत, तेव्हाच मला कळलं; पिशवी टेबलाखाली दिसतही होती."

"मग बोलला का नाहीत?"

गाठीशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंगळवार काय तुमचा एकट्याचाच जात होता?"

मी भिंतीची खुर्ची ओढली. चहाचं पाणी ठेवलं, दोन कपांचं.