गोळी, दगड आणि ओरेस्ट

६ जानेवारी
डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाची नवी गोळी दिली. काही वेगळं वाटलं तर लगेच सांगा, म्हणाल्या. मला काय वाटणार? चाळीस वर्षं कर्लिंग खेळतोय, बर्फावर जडशीळ दगड सरकवतोय.

१७ जानेवारी
बिछान्यात तिसऱ्यांदा फजिती. बाहेर उणे बत्तीस. थंडीत कोणाचंही असंच होणार. व्हर्ना म्हणाली, "होतं रे, झोप." एरवी बायको इतकी समजूतदार नसते.

२२ जानेवारी
क्लबात सराव. दगड बर्फावर सोडून उठलो तर भोवळ. बूट बदलायला हवेत. एक गोष्ट टिपून ठेवतो: आमच्या संघातल्या ओरेस्टचा दगड लांब सरकावा म्हणून त्याच्यापुढे बर्फावर व्हर्ना जीव तोडून झाडू चालवते. माझ्या दगडापुढे ओटा पुसल्यासारखी. ओरेस्ट विधुर. वय अडुसष्ट, केस सगळे जागेवर.

२५ जानेवारी, दुपार
घरी आलो तर ओरेस्ट आमच्या स्वयंपाकघरात! बीटचं लोणचं द्यायला आला म्हणे. मला बघून दोघं गप्प. जळफळाट झाला. रागारागाने अर्धी बरणी संपवली.

२६ जानेवारी
थंडी नव्हे, गोळीच! पाकिटातल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलंय: पुरुषांच्या ताकदीवर परिणाम संभवतो. पण डॉक्टरीणबाईंना असलं कसं सांगू? त्यांची आई माझ्या वर्गात होती. निर्णय: गोळी बंद. व्हर्नासमोर पाण्याचा घोट घ्यायचा, गोळी स्वेटरच्या खिशात.

८ फेब्रुवारी
डोकं ठणकतंय. ताकद परत येतेय. उद्या फायनल. व्हर्नाला कळेल खरा गडी कोण.

९ फेब्रुवारी
दगड सोडायला वाकलो आणि खिशातल्या गोळ्या बर्फावर सांडल्या. पांढऱ्यावर पांढरं, मला दिसलंच नाही. ओरेस्टचा शेवटचा दगड झाडूतून सुटलेल्या गोळीवर अडखळला. हरलो.
ओरेस्टने गोळी उचलून अख्ख्या क्लबासमोर सांगितलं, "अरे, ही तर मी घ्यायचो! लॉर्न, बदलून घे. मी बदलली, आता सगळं ठीक." व्हर्ना म्हणाली, "त्या दिवशी तेच विचारत होते याला. तू थोडाच बोलणार होतास!"
म्हणजे माझ्याच काळजीपोटी. बरं वाटलं.
पण ओरेस्टची बायको जाऊन सहा वर्षं झाली. मग त्याचं सगळं ठीक आहे हे ठरवलं कोणी?

१० फेब्रुवारी
दाब १८८. गोळी बदलली. सहा आठवडे बर्फावर पाय ठेवायचा नाही. मिश्र दुहेरीत व्हर्ना आता ओरेस्टबरोबर खेळणार. विचारलं, दुसरं कोणी मिळालं नाही का?
म्हणाली, "लॉर्न, दाब वाढेल."