वस्तीच्या विहिरीतलं पेट्रोल

११ फेब्रु. ८६
सुरतहून परत. ट्रकवरची क्लीनरकी सोडली. पाच महिने टिकलो, हे माझ्या मानाने खूपच. हातपाय धुवायला विहिरीवर गेलो तर बादलीबरोबर पेट्रोलचा भपका वर आला. आधी वाटलं, माझ्याच कपड्यांना येतोय. आई म्हणाली, "कपड्यांचा नाय, विहिरीचा हाय. दोन महिने झाले."
हायवेच्या पेट्रोलपंपाची जमिनीतली टाकी गंजून गळत होती. पंपाच्या शेठनी नवी बसवली, पण आधी मुरलेलं मातीतच आहे. बाबा नि वस्तीतली माणसं कामावरून आल्यावर खणायची, तशी झालेली ही विहीर. आता बायका गावच्या विहिरीवर जातात. तिथे दोर आपल्या हाती देत नाहीत. दुसरी कोणी वरून ओतते, आपण खाली हंडा धरायचा. आई जात नाही. मैलभर चालून कालव्यावरून आणते.

१४ फेब्रु.
सगळ्यांना उठवलं. दर उन्हाळ्यात गाळ काढायला विहीर उपसतो, तशी आत्ताच उपसू. शेठकडून इंजिन मागितलं, गुमान दिलं. दोन दिवसांत तळ दिसला. पोरांनी मला खांद्यावर घेतलं.

१७ फेब्रु.
पाणी परत भरलं. वास दुप्पट, वर रंगीत तवंग. सखूमावशी म्हणाली, "नुसता वास होता रे. तू आलास नि तवंग घेऊन आलास!" सगळे हसले. आई नाही हसली.

२१ फेब्रु.
नाशिकला गेलो, माझ्या जुन्या तंत्रशाळेतल्या वाघसरांना विचारायला. वाटेत पंचवटीत एकजण घड्याळ दुरुस्त करत बसला होता, ते बघत दुपार गेली. सर निघायच्या बेतात होते. उपशाचं ऐकून कपाळाला हात.
"अरे, विहीर रिकामी केलीस म्हणजे चहूकडचं पाणी तिकडे धावणार. येताना पेट्रोल घेऊनच येणार ना?"
म्हणजे मीच बोलावलं त्याला.
सरांनी परदेशी मासिकात वाचलंय. पाणी नाही, मातीतली हवा ओढायची. ओलं धोतर वाऱ्यावर वाळतं तसं पेट्रोल वाफ होऊन निघतं. इथे कुणी केलेलं त्यांच्या ऐकिवात नाही. म्हणाले, "करून बघू. पण मधेच पळालास तर?"

६ मार्च
सर रजा काढून वस्तीवरच राहायला आलेत. पेट्रोलपंप नि विहिरीच्या मधे जमिनीत चार भोकं पाडली, पाण्याच्या जरा वरपर्यंत. तापल्या खिळ्याने छिद्रं पाडलेले पाइप, भोवती खडी. चारी पाइप लोहाराच्या भट्टीच्या पंख्याला जोडले, पण उलटे, फुंकायला नाही, ओढायला. पाती पितळेची, ठिणगी नको म्हणून. इंजिन लांब, वारा येतो त्या अंगाला, मधे पंखा फिरवायला लांबलचक पट्टा. वाफ उंच नळीतून वर. विडीला सक्त बंदी. सखूमावशीचा नवरा बांधावर जाऊन रुसून बसला.

९ मार्च
तीन दिवस पंखा फिरतोय, नळीतून वास नावालाच. सर वही चाळत बसले. शेठ येऊन "पोरखेळ" म्हणून गेले. पिंपळगावला कांद्याच्या टेम्पोवर माणूस हवाय म्हणे. पिशवी भरून ठेवलीय, खरं सांगतो.

१० मार्च
पिशवी घेऊन निघालो. वाटेत पाइपांपाशी आई भांडी घासत होती. हातातली राख सांडली ती भेगेत सुर्रकन आत. दुसऱ्या भेगेवर मी टाकली, तीही गेली! पिशवी तिथेच टाकून सरांकडे पळत. काळी माती उन्हाने तडकलेली. पंखा वरचीच हवा पीत होता, खालची जागची हलत नव्हती.
सर म्हणाले, "वरून झाकायचं कशाने? एवढं प्लॅस्टिक कुठून आणू?"
आई म्हणाली, "अंगण सारवतो तसं सारवू की."

१२ मार्च
वस्तीतल्या एकूण एक बाया. शेण, पांढरी माती, भुसा. मावशी ओरडतेय, "सर, तुमचा कोपरा राह्यलाय!" सरांनीही हात घातले. संध्याकाळी इंजिन लावलं. नळीच्या तोंडाशी असा भपका, की डोळ्यांत पाणी आलं. (वासानेच असेल.) सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भेग पडली की रोज लिंपायचं काम माझ्याकडे. एका जागी एक काम, रोज! मलाच खरं वाटत नाही.

८ एप्रिल
नळीला वास कमी. विहिरीतला तवंग गेला. आमचा पंखा बघून न बघितल्यासारखं करणारे शेठ आज पाव्हण्यांना घेऊन आले, "बघा, आमच्याकडे काय चाललंय." आमच्याकडे! मावशी म्हणाली, "शेठ, चप्पल काढा, सारवलंय."
सगळी माहिती मी दिली. सर मागे उभे राहून ऐकत होते, एकदाही टोकलं नाही.

३ मे
सरांच्या सांगण्यावरून आठवडाभर पंखा बंद ठेवला. मातीत उरलं असेल तर वास परत वर येईल म्हणाले. आज बादली काढली. मला काही वास नाही आला. मावशीला नाही. सरांनाही नाही. नमुना तपासायला पाठवलाय, उत्तर येईपर्यंत प्यायचं नाही. पण सगळ्यांचे चेहरे फुललेले, कोणीतरी हंडे आणायला पळालंसुद्धा.
आईने ओंजळ भरली. नाकाशी धरून बराच वेळ उभी.
"हाय. थोडा."
सर म्हणाले, "नक्की, आई?"
"हिला पाणी लागलं तेव्हा पयला हंडा मी भरलेला. मला नाय कळणार?"
हंडे आले ते रिकामेच काठावर. आईने ओंजळ मातीत सोडली, पदराला हात पुसला, माझ्याकडे बघून म्हणाली, "बघतोस काय? लाव पट्टा."
लावला.