नागपूरचे पन्नास अंश

प्रतापनगर, नागपूर
१० मे १९८८

ती. शालिकराममामा यांस,
जयाचा सविनय जयभीम.

तुमची आणि मामींची प्रकृती ठीक असेल, पुण्यात संध्याकाळी वारा सुटत असेल आणि कंपनीत तुमच्या साहेबांचा मूडही बरा असेल, अशी आशा करते. (साहेबांची चौकशी उगाच केलेली नाही. पण ते पुढे.) आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे नागपुरात मे महिन्यात माणसे जितकी खुशाल असतात तितकी.

आधी आभार मानते, कारण ते राहून गेले तर आई मला जेवायला वाढणार नाही. तुम्ही मायक्रोकंट्रोलरची चिप पाठवली, तो काय असतो हे समजावणारी अकरा पानी पत्रे तीनदा लिहिलीत, कंपनी सुटल्यावर थांबून माझा प्रोग्रॅम चिपमध्ये भरून दिलात. आमच्या कॉलेजात ही वस्तू कोणी पाहिलेली नव्हती. सरांनी ती तळहातावर घेऊन एवढेच विचारले, "हिच्यात तापमान कुठून शिरते?" तापमान वायरीच्या टोकाला बसवलेल्या सेन्सरमधून शिरते आणि चिप त्याचा आकडा करून लाल दिव्यांत दाखवते, हे मी त्यांना तुमच्याच पत्रातून वाचून दाखवले.

विज्ञान प्रकल्पांची स्पर्धा परवा आमच्या कॉलेजात झाली. हॉलमध्ये माझे यंत्र सुरू केले आणि त्याने पन्नास अंश दाखवले. मामा, दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी यंत्रावर संशय घेतला असता. नागपुरात लोकांना अभिमान वाटला! बघता बघता सगळी गर्दी माझ्या टेबलाशी जमली. सौर चुलीवाला मुलगा आपली चूल सोडून आला. एक आजोबा तर घाम पुसत म्हणाले, "मी केव्हाचा सांगून राहिलो, पन्नास हाय म्हणून, रेडिओवाले दाबून ठेवतात!"

तेवढ्यात परीक्षक आल्या. देवकी मेश्राम मॅडम, भौतिकशास्त्राच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पिशवीतून पाऱ्याचा थर्मामीटर काढून माझ्या सेन्सरशेजारी धरला. चव्वेचाळीस. मला वाटले, आता फरशी दुभंगेल तर बरे. पण गर्दी यंत्राच्या बाजूची होती. कोणी म्हणाले, "मॅडमचा थर्मामीटर बाहेरगावचा असंल." आजोबांनी तर निकालच दिला, "काच हाय ना ते, घाबरून गेलं." मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारले, शून्य कशावरून ठरवलेस?

इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी आधीच्या पत्रात सांगितली नाही. उकळत्या पाण्यात शंभर आणि वितळत्या बर्फात शून्य, असे दोन आकडे मोजून मी तुम्हाला कळवायचे आणि तुम्ही ते चिपमध्ये भरायचे, असे ठरले होते. तुम्ही बजावले होते, बर्फ स्वच्छ पाण्याचाच घे. पण मी मोजायला बसले तो दिवस चौदा एप्रिल. जयंतीच्या दिवशी नागपुरातला सगळा बर्फ सरबताच्या पिंपांत असतो, हे तुम्ही पुण्यात राहून विसरला असाल. चार ठिकाणी फिरले, चारही ठिकाणी बर्फाऐवजी सरबत मिळाले (एकूण सात ग्लास, नाही म्हणता येत नाही). शेवटी कॉलेजच्या फाटकाजवळच्या धोंडबा कुल्फीवाल्याने आपल्या पेटीतला डबाभर बर्फ दिला, आणि मी तुम्हाला लिहिले, "सर्व आपण सांगितल्याप्रमाणे केले."

मॅडमनी धोंडबालाच पेटीसकट आत बोलावले आणि थर्मामीटर त्याच्या बर्फात खुपसला. पारा शून्याच्या खाली बारा अंश गेला. धोंडबा सगळ्यांकडे बघत म्हणाला, "मीठ टाकल्याबिगर कुल्फी जमते काय मॅडम? ह्या पोरीनं मले इचारलं असतं, तं सांगतलं नसतं काय?"

मग मला काय सुचले कोण जाणे. मी खडू घेतला आणि फळ्यावर गणित मांडले. उणे बाराला शून्य म्हटले आणि शंभरला शंभरच ठेवले, तर खरे चव्वेचाळीस माझ्या यंत्रात बरोबर पन्नास दिसणार. ना एक कमी, ना एक जास्त. म्हणजे यंत्र चुकत होते, पण नेमाने चुकत होते. मॅडमनी फळा दोनदा वाचला. मग वहीत लिहून घेतले आणि माझी राज्य स्पर्धेसाठी निवड केली. स्पर्धा तुमच्या पुण्यातच आहे, २९ मे रोजी. अट एकच, यंत्राने खरे बोलायला हवे. टाळ्या मात्र आजोबांनी वाजवल्या नाहीत. सहा अंश गेल्याचे त्यांना फार लागले.

हे सगळे तुमच्यामुळे झाले, मामा. (चूक सोडून. ती माझी.) मामींना जयभीम.

तुमची भाची,
जया

ता. क. — चिप पुसून खऱ्या शून्यासकट पुन्हा भरून द्याल का? साहेबांना तुम्ही आणखी एकदा विचारायचे म्हणजे मला लाज वाटते. पण खरे बोलणारी चिप नसेल तर २९ तारखेला पुण्याला येऊन मी दाखवू तरी काय? या वेळी बर्फ घरच्या पाण्याचा, शेजारच्या यमुताईंच्या फ्रिजमधला आहे. नवे आकडे मागच्या बाजूला लिहिले आहेत.

पुन्हा ता. क. — चिप मात्र या पाकिटात नाही. यंत्र बैठकीत मांडून ठेवले आहे आणि बाबांनी त्यावर पन्नास वाचून कूलर सांगून टाकला आहे. अठरा वर्षे ते म्हणत आले, ओला टॉवेल असताना कूलर कशाला. कूलर २२ तारखेला येणार. आई म्हणते, "तोवर त्या मशीनले हात नको लावू वं, मामाले सांग थांब म्हणा." २२ नंतर पाठवली तर वेळेत होईल का हो? आईपुढे माझे काही चालत नाही.

शालिकरामजी, जयभीम. जयाचा बाप वामनराव लिहितो आहे. पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिले, आणि ते उघडेच होते. आमच्या कचेरीच्या भिंतीवर सरकारी थर्मामीटर आहे. तो चव्वेचाळीस दाखवतो, हे मी रोज बघतो. पण अठरा वर्षे बोललेले मागे घ्यायला माणसाला काहीतरी कारण लागते. पोरीच्या यंत्राने ते दिले, म्हणून मी गप्प राहिलो. तुमच्या ताईला कळवू नका. चिप मी सकाळी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढली आणि सोबत ठेवली आहे. तिचे काही पाय वाकले होते, ते पक्कडीने सरळ केले. चाळीसच्या चाळीस पाठवतो आहे, मोजून घ्यावेत.