बाहेरची कडी

प्रिय चिमणे,

फोन सोडून बाबांना पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. रविवारी तुझा फोन आला तेव्हा दारावर कुणी आलंय असं सांगून मी तो ठेवून दिला होता. दारावर कुणी नव्हतं. तुझी आई समोरच बसली होती, तिने ऐकलं आणि काही विचारलं नाही. ती काही विचारत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते, हे तुला माहीतच आहे.

तू सांगितलंस ते मी शब्द न् शब्द ऐकलं. आपल्या नगरपालिकेने पाण्याचे मीटर वाचणारे, करवसुलीवाले, आरोग्य निरीक्षक, अग्निशमनवाले या सगळ्यांना एका खोलीत बसवून शिकवलं, की कुठेही गेलात की यंत्रं नंतर बघा, आधी माणसं बघा. एकच माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तरं देतोय का, कामगारांची कागदपत्रं कुणाच्या कपाटात आहेत, सुट्टीच्या दिवशी ती माणसं कुठे जातात. मग तुमच्या मीटरवाल्यालाच शंका आली, की डेपोमागची लाँड्री आठवड्यातून एक दिवस बंद असते आणि त्या दिवशीही पाणी मात्र रोजच्याइतकं जातं. त्या एका शंकेवरून आत डांबलेल्या बारा बायका बाहेर आल्या. त्यांना शिकवणारी माझी मुलगी. बायका सुटल्याची पहिली बातमी आली तेव्हाच मी सोसायटीत चार जणांना सांगून आलो होतो.

पण पुढचं तू जरा वैतागून सांगितलंस. मालक आपल्याच कचेरीचं प्रमाणपत्र नाचवतोय, की चार वर्षांपूर्वी तपासणी झाली, सगळं ठीक होतं, बायका स्वखुशीने राहत होत्या, दारं उघडी होती. प्रमाणपत्रावर नुसता शिक्का आणि साहेबांची सही. निरीक्षकाचा शेऱ्याचा कागद दप्तर हलवताना गहाळ झालाय आणि तो मिळाला नाही तर हा माणूस सुटणार. आणि मग म्हणालीस, तो निरीक्षक एक तर आंधळा असेल, नाही तर त्याने खाल्लं असेल. बाबा, तुम्ही असतात तर असलं चाललं नसतं.

चिमणे, त्याने खाल्लं नव्हतं. एवढं मी खात्रीने सांगतो. निरीक्षकाच्या नोकरीत मी कुणाच्या चहालासुद्धा शिवलो नाही आणि त्याचा मला इतका ताठा होता, की तुझी आई म्हणायची, हे स्वर्गात गेले तरी आधी तिथली गटारं तपासतील. त्या लाँड्रीत मीच गेलो होतो; तो भाग महिनाभरच माझ्याकडे होता, म्हणून तुला ठाऊक नाही. तुला वाटतं तसा मी कधी नव्हतोच, किंवा होतो आणि तरीही हे झालं. यातलं जास्त वाईट कोणतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुपारची वेळ होती. हॉटेलांच्या चादरींचे ढीग, वाफ, ब्लीचचा नाकाला झोंबणारा वास. मालकाने पंखा माझ्याकडे वळवला. मी आदल्या दिवशी फोन करून गेलो होतो. आमची तशी पद्धतच होती, मालक जागेवर असावा म्हणून. मी मोऱ्या मोजल्या, तारा बघितल्या, खिडक्यांची उंची मापली. मागे बायकांची झोपायची खोली होती. एका बाईला मी विचारलं, इथेच राहता का. उत्तर मालकाने दिलं. मी ते लिहून घेतलं. त्या खोलीच्या दाराला कडी होती ती बाहेरून, आणि तिचा कोयंडा खिळखिळा झाला होता. मी कडी हलवून बघत होतो तेव्हा ती बाई इस्त्री थांबवून माझ्याकडे बघत राहिली आणि तिने मान अगदी थोडी, नको अशी हलवली. मला वाटलं, मालकाला नोटीस लागेल म्हणून घाबरली. क्षणभर दुसरंही काही वाटलं होतं, खोटं नाही बोलणार. पण फॉर्मवर त्याला रकाना नव्हता आणि मला अजून तीन ठिकाणं उरकायची होती. दारं-खिडक्यांच्या रकान्यात मी लिहिलं, 'बाहेरील कडी सैल, पंधरा दिवसांत दुरुस्त करावी.'

पंधराव्या दिवशी मी पुन्हा गेलो. नवी जाड कडी, चार स्क्रू. मी ती दोनदा ओढून बघितली. बायका खाली माना घालून चादरी घड्या करत होत्या. मी बरोबरची खूण केली आणि खूश होऊन घरी आलो.

तू रविवारी मला त्या बाईचा जबाब वाचून दाखवलास. सैल कडी आतून, फटीत फणी घालून सरकवता यायची, सगळ्यांनी निघायचा दिवस ठरवला होता, आणि मग पालिकेचा एक माणूस येऊन कडी पक्की करून गेला. सुटून तिची सात वर्षांची मुलगी तिला भेटणार होती, ती अकराव्या वर्षी भेटली आणि आईलाच काकू म्हणाली. तू वाचत होतीस आणि मला तुझं सातवं-आठवं वर्ष आठवत होतं, तुला सायकल शिकवली ते. मला लाज वाटते. याहून शहाणा शब्द सुचत नाही.

मी माझ्या प्रत्येक शेऱ्याची कार्बन प्रत घरी ठेवायचो, उद्या कुणी बोट दाखवू नये म्हणून. काल दिवसभर मी कपाट उपसलं. कागद सापडला. कडी बाहेरून होती, हे माझ्याच अक्षरात, तारखेसकट आहे. पेन्शनीवर काय गदा यायची ती येवो. सोमवारी अकरा वाजता मी तो घेऊन तुमच्या कचेरीत येतोय. माझा जबाब तू घेऊ नकोस, दुसऱ्या कुणाला तरी दे. तू मला सांभाळून विचारशील, आणि मला सांभाळून घेतलेलं त्या बाईला परवडणार नाही. पुढच्या शिकवणीत हे उदाहरण दिलंस तर 'एक निरीक्षक' म्हणू नकोस, माझे बाबा म्हण. आणि त्या बाईला विचार, मी समोर आलो तर चालेल का. नको म्हणाली तर मी जिन्यातच थांबेन.

तू मला जसा समजत होतीस तसा नसलेला, तरी तुझाच,
बाबा