पाचही टायर एकाच जातीचे

आप्पा,

लिहायचं लिहायचं म्हणून किती दिवस टाळलं. आज सकाळी बसलो तर पेन चालेना. मग बाजारात कांद्याच्या ढिगावरून दोघांची जुंपली, ती बघत उभा राहिलो. परत आलो तोवर चहा गार. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, आणखी चार दिवस गेले तर कुणाचं काय अडतंय, असंही वाटलं. पण उद्या रविवार, आणि बाईंना उत्तर द्यायचंय.

बाई म्हणजे डॉक्टरीणबाई. चाकणला त्यांचा सहा खाटांचा दवाखाना आहे. सकाळचे पेशंट आटपले की त्या जीपने महाळुंगे, निघोजे, कुरुळी करत फिरतात. बाळंतपणं काय, सांगून येत नाहीत. मी त्यांचा ड्रायव्हर, पाच महिने झाले. मी एका ठिकाणी पाच महिने, हे तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्ही त्यालाच ताप आलाय का बघितलं असतं. मधल्या काळात ट्रकवर क्लीनर होतो, भोसरीला वेल्डिंगच्या शेडमध्ये होतो, एका सर्कशीचे तंबू ठोकत मिरजेपर्यंत गेलो. तिथल्या हत्तीला सकाळी उठवायला एक वेगळा माणूस होता, त्याचं दिवसभर तेवढंच काम. असो. आई थोरल्या भावाकडे पिंपरीतच असते. इथून एसटीनं तासाभराची वाट, पण तीन वर्षांत गेलो नाही. भांडण वगैरे काही नाही. नुसतं गेलो नाही.

या जीपला माझ्या आधीच्या ड्रायव्हरने पुढे दोन रिमोल्ड, म्हणजे जुन्यावरच नवं रबर चढवलेले, आणि मागे दोन जाड गोट्यांचे बटण टायर घातले होते, आणि पाचवा कोरा करकरीत टायर स्टेपनीला, वर कव्हर घालून. पाहुण्यांसाठी घडी घालून ठेवलेली चादर असते ना, तसा. इकडे सगळे असंच करतात. चार चाकं मरेपर्यंत पळवायची आणि पाचवं मिरवायचं. गेल्या रविवारी महाळुंग्याच्या उतारावर, मागे कळा देणारी बाई आणि तिची सासू बसलेली असताना, जीप आडवी सरकली आणि ओढ्याच्या काठावर थांबली. काही झालं नाही. मुलगी झाली, दवाखान्यात, व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी खाली वाकून डावं मागचं चाक पाहिलं, त्याचे धागे दिसत होते. म्हणाल्या, ‘‘पाचही नवे आण. कुठले ते तू ठरव, मला त्यातलं कळत नाही. दोन पावसाळे निघाले पाहिजेत.’’ मी हो म्हटलं. त्या आत गेल्या आणि परत दारात आल्या. ‘‘टायर टिकतील रे. तू टिकणार का? रविवारपर्यंत सांग. नाहीतर मी दुसरा माणूस बघते. मला परत त्या ओढ्याशी जायचं नाही.’’

त्याच संध्याकाळी जुना ट्रकवाला दोस्त भेटला. ‘‘भावा, सोमवारी कोचीनला निघतोय. समुद्र बघशील. इथं काय, बाळंतिणी वाहतोयस!’’ त्यालाही मी हो म्हटलं.

पुढचा एक झिजलेला टायर दाखवायला घेऊन मी चिंचवडच्या दुकानात गेलो. तिथली पोरं म्हणतात, ‘‘बटण टायर घ्या राव, जीप कशी वाघावानी दिसंल!’’ मी म्हटलं, वाघ काय करायचाय, बाळंतिणीला न्यायचंय. बटण टायर चिखलात बरा, पण आमचा निम्मा रस्ता डांबरी, नाशिक रोडचा. डांबरावर त्याच्या गोट्या एका बाजूने झिजतात, सुपारी कातरल्यासारख्या, आणि मग जीप दिवसभर घोंगावते. मी सरळ रेघांच्या नक्षीचे मागितले, पाचही एकाच कंपनीचे, एकाच जातीचे. हे माझं डोकं नाही, तुमचं. शेठ गल्ल्यावर बसून ऐकत होता. मग मी त्या जुन्या टायरवरून तळवा फिरवला. बाहेरून आत नेताना गुळगुळीत, आतून बाहेर आणताना बोटांना धार लागते. म्हणजे पुढची चाकं सरळ रेषेत नाहीत, ती आधी नीट करून घ्यायची, नाहीतर नवे टायरही चार महिन्यांत तसेच होतील. डोळे मिटून करत होतो. शेठ म्हणाला, ‘‘ए, इकडं बघ. असा हात फिरवणारा एकच माणूस माझ्या दुकानात यायचा. पिंपरीच्या कारखान्यातला जीपवाला. त्याचा कोण तू?’’

‘‘कुणी नाही,’’ मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पावतीवर चाकणच्या दवाखान्याचा पत्ता लिहून घेतला.

तुमचा रविवार. कारखान्याच्या आवारात कुणी नसतं, वॉचमन बिडी ओढत बसलेला. तुम्ही प्रत्येक टायरच्या आतल्या अंगाला खडूने आकडा घालता, एक ते पाच. महिन्यातून एकदा एकाची जागा दुसऱ्याला, आणि स्टेपनीलाही खाली उतरवायचं. ‘‘पाचवा भाऊ हाय त्यो. त्याला बसवून खायाला घालायचं न्हाई.’’ हवा सकाळी, टायर गार असताना बघायची. मी पाना धरून उभा, आणि माझं लक्ष कुंपणापलीकडच्या पतंगाकडे. तुम्ही कधी ओरडला नाहीत. पाना माझ्या हातातून घ्यायचात आणि पुन्हा हातात द्यायचात, एवढंच.

मग तुम्हाला कावीळ झाली. तुम्ही अंथरुणावरून म्हणालात, ‘‘ह्या रविवारी तूच फिरव चाकं. वॉचमनला बोललोय.’’ मी गेलो. जॅक काढला, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की मोशीला बोअरिंगचं मशीन आलंय, पाणी तीन माणूस उंच उडतंय. मी आकडे ओल्या फडक्याने पुसले आणि नवे घातले. एकाच्या जागी तीन, तीनच्या जागी पाच. चाकं होती तिथेच. पाणी काही उडालं नाही, नुसती राखाडी भुकटी निघत होती, तरी अंधार पडेपर्यंत बघत बसलो. घरी येऊन तुम्हाला सांगितलं, झालं.

तुम्ही कामावर परतलात त्या पहिल्या दिवशी मी डबा घेऊन आलो होतो. तुम्ही जीपभोवती फिरता, वाकता, तळवा फिरवता. स्टेपनीपाशी थांबता. ‘‘पाचव्याची धूळ तशीच हाय,’’ एवढंच म्हणता. मग शर्ट काढून फाटकावर ठेवता आणि पाचही चाकं स्वतः फिरवता. मध्ये दोनदा खाली बसता. मी पाना धरायला पुढे होतो, तुम्ही ‘‘ऱ्हाऊ दे’’ म्हणता. दोन महिन्यांनी कावीळ उलटली आणि तुम्ही गेलात.

चाकं उचलल्याने कावीळ उलटते का? डॉक्टरीणबाई रोज माझ्या शेजारी बसतात. पाच महिन्यांत विचारलं नाही. महाळुंग्याच्या वाटेवर दोनदा तोंड उघडलं आणि रस्त्याबद्दल काहीतरी बोललो. कळलं तरी काय करणार, हेही खरं. तुम्ही गेलात तेव्हा रडू आलं नव्हतं, आता लिहितानाही येत नाही.

टायर चढवून आज तीन दिवस झाले. आधी पुढची चाकं सरळ करून घेतली. जीप आता हात सोडला तरी सरळ जाते. पण हे टायर दोन पावसाळे एकसारखे झिजायचे, तर दर महिन्याला कुणीतरी ते फिरवायला हवं, खरोखरच फिरवायला हवं. नवा ड्रायव्हर फिरवेल की नाही, मला काय माहीत? बाईंना हे सांगायचं म्हणजे मी राहतो असं सांगायचं. नाही सांगायचं, तर सोमवारी कोचीन. इथपर्यंत लिहिलं आणि

कंपाउंडर येऊन गेला. म्हणतो, पुढे कुणी म्हातारी आलीय, चिंचवडच्या टायरवाल्यानं पाठवलंय म्हणते. दवाखान्यामागच्या माझ्या खोलीपर्यंत आवाज येतोय. ‘‘हितं जीप चालिवतो त्यो पोरगा कुठाय? दुकानात इचारलं तर बापाचा कुनी न्हाई म्हनला म्हनं. त्योच!’’ आणि बाई विचारतायत, ‘‘तुम्ही त्याच्या कोण?’’

आई आहे, आप्पा. मागचं दार उघडं आहे आणि जीपची किल्ली माझ्या खिशात आहे. खोटं कशाला सांगू, मी आधी तिकडेच पाहिलं.