बेवारस म्हणून आणलेली

१२ एप्रिल, रविवार

भडंगने कूलरची वाळ्याची ताटी फाडली. पूर्ण! सकाळी साडेपाचला उठून दीड तास फिरवून आणलं, तरी ह्या कुत्र्याच्या अंगातली रग जिरत नाही. बेदाणा त्याचीच बहीण, पण ती निदान गुन्हा लपवते. वाळ्याच्या काड्या सोफ्याखाली नेऊन ठेवल्या होत्या. बाहेर एक्केचाळीस डिग्री आणि कूलर उघडाबोडका. माझा नवरा, उदय, म्हणाला, "कुत्री तुझी, ताटी बी तूच आण."

आणि त्यात मी आज तिसरी घेऊन आले.

कवठेमहांकाळहून मावशीकडून परत येत होते. शिरढोणच्या अलीकडे भर दुपारी एक कुत्री रस्त्याच्या कडेने चालली होती. करडी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. गळ्यात दोरी आणि दोरीला हातभर लांब लाकडाचा ओंडका! चालताना तो तिच्या गुडघ्यांवर आपटत होता. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी गाडी थांबवली, डिकीतल्या कात्रीने दोरी कापली, ओंडका ओढ्यात भिरकावला. तिला उचलून मागच्या सीटवर टाकलं. चावली नाही, थरथरत होती. मिरज येईपर्यंत मागच्या काचेतून बघत बसली.

आमच्या प्राणिमित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला. तासाभरात शंभर रडके चेहरे. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. घरात मात्र उदय फोटो बघून म्हणाला, "लोढणं हाय ते. लोढणं हाय म्हंजे कुणाचं तरी कुत्रं हाय." मी म्हटलं, कुणाचं असतं तर इतके हाल केले असते? त्यावर उठून फाटकाची कडी तपासायला गेला. पण पटलं म्हणून नव्हे. सैन्यातून येऊन चार वर्षं झाली, हवालदारसाहेब अजून पहाऱ्यावरच.

नाव ठेवलं माया.

१४ एप्रिल

माया घरात पाऊल टाकत नाही. फरशीवर पाय ठेवला की दचकते. दिवसभर फाटकाजवळ उन्हात. सावलीत गादी घातली, तिच्यावर भडंग जाऊन लोळला.

दुकानातले कुत्र्यांचे महागाचे दाणे दिले, हुंगले सुद्धा नाहीत. चिकन-भात ठेवला, तो बेदाण्याने खाल्ला आणि रात्रभर ओकत होती. सकाळी सातला लॅबमध्ये रक्ताचे नमुने लावायचे, आणि पहाटे चारला मी फरशी पुसतेय!

१७ एप्रिल

शिळी भाकरी आणि ताक. ते खाल्लं. चाटूनपुसून. आता ताक विरजायचं कामही माझ्याच मागे.

१९ एप्रिल, रविवार

आईंचा फोन. मोतीबिंदूचं ऑपरेशन बारा मेला, इथेच मिरजेत. अकराला येणार. माझ्या सासूबाई म्हणजे रंगूबाई जाधव, त्यांचं बोलणं सरळ असतं: "प्रांजल, तुज्या त्या दोगांस्नी माडीवर कोंड. डोळं नवं करून घ्याचं आनी त्येच्यात केसं जायची व्हय?"

उदयने लगेच हिशेब मांडला. दोन कुत्री माडीवर मावतात, तीन नाही. म्हणजे दहा मेपर्यंत मायाला घर मिळालं पाहिजे. नाहीतर ग्रुपची शेड. ती शेड मला माहीत आहे. पत्र्याखाली चाळीस कुत्री. गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः तिथे दोन उष्माघाताने मेलेली उचलली आहेत. मायाला तिथे ठेवणार नाही. मेले तरी नाही.

आजपर्यंत अकरा कुत्री मी माझ्या हाताने चांगल्या घरी दिली. ही बारावी. जाईल.

२३ एप्रिल

आज काय केलं हिने!

संध्याकाळी सात वाजले, मी झाडांना पाणी घालत होते. माया उठली आणि भडंगला खांद्याने ढकलत ढकलत अंगणाच्या कोपऱ्यात नेलं. मग बेदाण्याला. दोघं निघायला बघतात, ही आडवी. भुंकत नाही, चावत नाही, नुसती आडवी होते. जो भडंग माझ्या बापाला ऐकत नाही तो गुपचूप बसला! मग ही त्यांच्यासमोर पसरली, तोंड बाहेर, कान ताठ. सकाळपर्यंत तशीच.

ग्रुपमधल्या संयोगिताताईंना फोन केला. कुत्र्यांच्या स्वभावाचा त्यांनी कोर्स केलाय. म्हणाल्या, जुन्या मारामुळे मनावर आघात आहे, ती भीतीपोटी दुसऱ्यांवर ताबा मिळवते, प्रेमाने घ्या. अहो, आणखी किती प्रेमाने घेऊ? ताक विरजते मी तिच्यासाठी!

उदय खुर्चीत बसून हसत होता. "आघात कसला? पोरगी ड्युटी करतीया."

२५ एप्रिल

गल्लीतली क्रिकेट खेळणारी पोरं आज मायाने भिंतीला लावली. नऊच्या नऊ. मग समोरच्या बनसोडेकाकू फाटकात येऊन पंधरा मिनिटं बोलल्या. ऐकून घेतलं. पर्याय काय?

२८ एप्रिल

डॉक्टरांकडे नेली. गोचीड काढले, इंजेक्शन दिलं. त्यांनी दात बघितले, पायाच्या गाद्या बघितल्या. म्हणाले, "तीन वर्षांची आहे, ठणठणीत आहे. बारीक दिसते ती चालून चालून. हिला आजार नाही हो, हिला काम नाही." वर विचारतात, मालकाची चौकशी केली होती का!

सगळे मलाच विचारतात. उन्हात गळ्यात ओंडका बांधून सोडणाऱ्याला कुणी विचारत नाही. घरी येईपर्यंत डोकं ठणकत होतं. येऊन बघते तर भडंगने नव्या ताटीचा कोपरा खाल्लेला.

२ मे, शनिवार

मिळालं घर!

साताऱ्याचं जोडपं, ऋषिराज आणि शिवांजली. बंगला, भोवती बाग, मूलबाळ नाही, आधीचं कुत्रं म्हातारं होऊन गेलेलं. तासभर व्हिडिओ कॉलवर बोलले. शिवांजली म्हणाली, "ताई, एका खोलीला एसी आहे, ती तिथेच झोपेल." मी चक्क रडले. ते नऊ तारखेला न्यायला येणार. आई यायच्या दोन दिवस आधी.

उदयला सांगितलं. म्हणाला, "चांगली माणसं दिसत्यात." थोड्या वेळाने, "पर तिला ईचारलंस का?" ह्या माणसाला चांगल्या दिवशी पण खडा टाकल्याशिवाय चैन पडत नाही.

५ मे

माया दारात बसून पूर्वेकडे बघते. रोज तिकडेच. मी मुद्दाम तिचं तोंड फिरवून बसवलं. उठली, परत तशीच बसली. चार दिवस राहिलेत, काय बघायचं ते बघ म्हटलं.

७ मे, गुरुवार

लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

महंमदभाई भडंग-बेदाण्याची हाडं घेऊन आले. त्यांचं मटणाचं दुकान, दर गुरुवारी तेच आणून देतात. मागचे तीन गुरुवार त्यांचा पोरगा आला होता, म्हणून माया त्यांच्या नजरेला पडली नव्हती. आज फाटकातच थबकले. "आगं वाघे!" म्हणाले. आणि जी कुत्री पंचवीस दिवसांत माझ्याकडे बघून एकदाही शेपूट हलवत नव्हती, ती त्यांच्या पायात लोळायला लागली.

"ताई, ही तर बनुबाईची वाघी हाय. मेंढरं घ्याला मी जातोय न्हवं तिच्याकडं. म्हसवडकडची धनगरं. शिरढोणजवळ बसली हुती, आता ढालगावच्या माळाला गेल्यात. म्हातारीनं तीन दिस हुडकली वो हिला. मेंढरं पुढं नेईना झाली. हिच्यामागं लांडग्यानं सहा कोकरं नेली."

मी म्हटलं, तिच्या गळ्यात ओंडका होता. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "आसतोय की," म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, अजून कुणाला सांगू नका. का म्हटलं मी असं?

दुपारभर स्वतःशीच भांडले. ओळखण्यात चूक होऊ शकते. करडी कुत्री काय एकच असते? पण चूक नाही, मला माहीत आहे. उदय म्हणत होता, डॉक्टर म्हणत होते. मला ऐकायचं नव्हतं, कारण ग्रुपवर शंभर लोकांनी मला देवी करून ठेवलं होतं.

८ मे, शुक्रवार

लॅबमधून अर्धी रजा काढून एकटी ढालगावला गेले. मायाला नेलं नाही. म्हटलं, आधी बघू तर खरं, कशी माणसं आहेत. वाईट असतील तर प्रश्नच मिटला. खरं सांगायचं तर ती वाईट निघावीत अशीच आशा होती.

बनुबाई साठीच्या असतील. माळावर बाभळीखाली चूल, बाजूला जाळीत कोकरं. मी सांगितलं, खत हवंय, मेंढरं शेतात बसवायची आहेत, विचारायला आले. सरळ थाप. त्यांनी आधी पाणी दिलं, मग ताक. स्वतः प्यायल्या नाहीत, भांडं एकच होतं.

मीच कुत्र्याचा विषय काढला. कुत्री नाहीत का हो राखणीला? म्हणाल्या, "एक म्हातारं हाय, त्येला ऐकू येत न्हाई. एक लय गुणाची हुती. मागं राहिलेलं कोकरू बगाय रस्त्याला गेली, ती गेलीच."

लोढण्याचं विचारलं. विचारताना आवाज साधा ठेवला. "मोटारीमागं धावायची वो ती. तिची आई तशीच चाकाखाली गेली. म्हून लोढणं घातलं, म्हंजे रस्त्याला पळाय नगं. रातीला काढायची मी."

मी ताक संपवलं. सांगायचं होतं, तोंडापर्यंत आलं होतं. पण मग काय, मी चोर! ग्रुपवर फोटो टाकून, नाव गाव लिहून, उजळ माथ्याने केलेली चोरी. "कळवते" म्हणाले आणि निघाले.

गाडीत येताना सगळी कारणं जमवली. साताऱ्याला एसी आहे, डॉक्टर आहे. इथे ऊन, काटे, लांडगे. तिच्या भल्याचं काय? बनुबाई दुसरं पिल्लू पाळतील. उद्या चार वाजता ती माणसं येणार. आता मागे फिरणं म्हणजे सगळ्यांचा खेळखंडोबा.

डोकं चालत नाही. झोपते.

९ मे, शनिवार

आले ते दोघं. गादी घेऊन आले होते, तिच्यावर "माया" असं भरतकाम केलेलं. शिवांजलीने स्वतः केलं होतं. मी पोहे केले. माया तिच्याशी चांगली वागली, हात चाटला. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

मग फॉर्म भरायला बसले. आमचा नेहमीचा फॉर्म. त्यात एक रकाना आहे — मूळ मालक. अकरा वेळा मी त्यात "बेवारस" लिहिलं, कधी विचार सुद्धा न करता. आज "बे" लिहिलं आणि पेन थांबलं. ऋषिराज म्हणाला, "शाई संपली का?" आणि स्वतःचं पेन पुढे केलं.

खरं बोलण्याची हिंमत तेव्हाही झाली नाही. म्हटलं, ती चावते. काल एकाला चावली. मी कुणाच्या घरी देऊ शकत नाही. शिवांजली मायाकडे बघत राहिली, माया तिच्याच पायाशी बसलेली! तिला पटलं नाही, पण ती भांडली नाही. गादी राहू दे म्हणाली. ऋषिराज मात्र गाडीत बसताना बोलला, "आधी सांगितलं असतं तर सव्वाशे किलोमीटर आलो नसतो." बरोबरच बोलला.

तासाभरात ग्रुपवर बोंब. संयोगिताताईंचा निरोप: "तुम्ही फार बेजबाबदार वागलात." कालपर्यंत देवी, आज बेजबाबदार. चालायचंच.

उदयला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता म्हणणार, मी सांगत नव्हतो? तो फक्त म्हणाला, "आत्ताच जाऊया. गाडी काढतो." मी म्हटलं, दमलेय रे, सकाळी जाऊ. त्याने हातात घेतलेली गाडीची किल्ली परत खिळ्याला अडकवली.

१० मे, रविवार

सोडून आलो. गाडीचं दार उघडताच वाघी मेंढरांत गेली. मी बनुबाईंना सगळं सांगितलं, सांगताना रडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला परवाच कळलं हुतं. तुमच्या ओढणीला तिची केसं हुती." मग बोलला का नाहीत, विचारलं. म्हणाल्या, "सांगाय आलायसा आसं वाटलं. म्हटलं, थांबू. तुमचं तुमी सांगाल."

परतताना महंमदभाईंचा फोन आला. शुक्रवारी मी ढालगावहून आल्यापासूनच्या दोन्ही रात्री म्हातारी काठी घेऊन मेंढरांपाशी जागी बसली होती. काल पहाटे तिचा डोळा लागला आणि सातवं कोकरू गेलं. मला तिने हे सांगितलं नाही. मी दोन्ही रात्री घरी झोपले होते. झोप चांगली लागली होती.