मेसमधल्या दुधाइतका पातळ

कोल्हापूर
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय स्नेहल,

तुझ्या निरोपाला मी फक्त अंगठा पाठवला आणि गप्प बसलो, त्याबद्दल माफ कर. त्यानंतर तूही फोन केला नाहीस. मला फोनवर नीट बोलता येत नाही, आणि या वेळी नीटच बोलायचं होतं.

गणपतीत आलीस तेव्हा म्हणालीस, यंदा दिवाळीत किल्ला करायचा. तुझे पप्पा गेल्यापासून अंगणात किल्ला झाला नव्हता. पुण्याला परत निघताना ते थ्री-डी प्रिंटचे करडे, बोटाएवढे मावळे आणि ॲक्रिलिकच्या बाटल्या किल्ल्याच्या जुन्या डब्यात घालून माझ्यापुढे ठेवल्यास. 'काका, रंगवून ठेवा की!' तू सहज म्हणाली असशील. मी मात्र बरेच दिवस डबा उघडला नाही. तुझ्या आईशी लग्न करून मी या घरात आलो त्याला दोन वर्षं झाली, पण किल्ला तुझा आणि तुझ्या पप्पांचा. तिथे आपण हात घालावा का? शेवटी तुझी आईच म्हणाली, "अहो, नुसत्या इचारानं मावळं रंगत न्हाईत."

रंग दुधाइतका पातळ करा, असं तू सांगितलं होतंस. मी केला. पण मी गडमुडशिंगीचा. दूध म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे म्हशीचं, आत्ताच धार काढलेलं, गंगावेशीच्या कट्ट्यावर मिळतं तसलं येतं. तेवढा घट्ट रंग पहिल्या मावळ्याच्या तोंडावर चढवला. नाक, डोळे, मिशा, सगळं बुजलं. शेजारचे बाळासो कुंपणावरून वाकून म्हणाले, "पावणं, ह्यो मावळा हाय का हळद लागल्याला नवरा?" त्यांच्यासाठी मी अजून पावणाच. हसलो, आणि फोटो तुला पाठवला.

त्यावर तुझा तो आवाजी निरोप आला. "अहो, कट्ट्यावरचं न्हवं, आमच्या मेसमधलं दूध! भांड्याचा तळ दिसला पायजे!" आणि ते हसणं. तेव्हापासून जमायला लागलं. बशीत थेंबभर रंग घेतो, ब्रशनं पाणी घालतो आणि आधी अंगठ्याच्या नखावर ओढून बघतो. ब्रश टिश्यूला टेकवायचा विसरलो की रंग अंगरख्याच्या चुण्यांत साचतो. पहिला हात वाळला की काहीच झालं नाही असं वाटतं, खालचा करडा दिसतच राहतो. लगेच दुसरा हात द्यायला बोटं शिवशिवतात, पण ओल्यावर दिला तर खालचाही निघून येतो. मग उठतो, चहा ठेवतो, वाळू देतो. तिसऱ्या हाताला रंग भरतो आणि मिशी मिशीसारखी राहते. मी सगळ्याच गोष्टी एका हातात उरकायला बघणारा माणूस. थांबायला तू शिकवलंस. खरंच आभारी आहे.

डब्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेला मातीचा सरदार मिळाला. फेट्याला जाड पोस्टर कलर, डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा. तुम्ही दोघांनी रंगवला असणार. त्याला मी ब्रश लावलेला नाही, फक्त धूळ फुंकली. तो माथ्यावर बसेल. माझे मावळे खाली तटावर राहतील.

आता या पत्राचं खरं कारण. तो निरोप तू लगेच पुसलास आणि तेच शब्द पुन्हा पाठवलेस, शेवटी 'काका' म्हणून. पण पहिला मी आधीच ऐकला होता. त्यात तू मला 'पप्पा' म्हणाली होतीस. ऐकलंच नाही असं दाखवावं का, यातच माझे एवढे दिवस गेले. ते खोटं ठरलं असतं, म्हणून लिहितो: ऐकलं. तो शब्द त्यांचा आहे आणि त्यांचाच राहील. चुकून का होईना, माझ्यापर्यंत आला, एवढंही मला पुष्कळ आहे. तो पुन्हा येण्याची वाट बघणार नाही, असं आधी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं, म्हणून हा कागद नव्यानं लिहायला घेतला. घाई मात्र मुळीच नाही. या एका शब्दापायी तू फोन टाळू नकोस, आणि घर तर नाहीच नाही. किल्ल्याला ये.

तुझाच,
अमरकाका

ता. क. उद्या गडमुडशिंगीच्या शेतातून किल्ल्यासाठी पोतंभर माती आणायची.